हंगामी खुर्ची : खालिद जमील यांची वाटचाल



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्या सरांशी माझं खरं नातं जुळलं ते मैदानाच्या आत नव्हे, कडेला. मी नववीत होतो. कामठीच्या पोरांविरुद्धच्या सामन्यात गुडघा मुरगळला आणि दोन महिने खेळ बंद झाला. आता घरी बसायचं, असं मी मनाशी धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला, सकाळी साडेपाचला मैदानावर ये. लंगडत गेलो, तर त्यांनी हातात फक्कीचं घमेलं दिलं. म्हणाले, ‘खेळता येत नाही ना? मग मैदान आखायचं.’ सुतळी ताणायची, तिच्या कडेनं फक्की सोडत जायचं, गोलपासून अठरा यार्ड मोजून पेटीची रेघ ओढायची. आठवडाभर तेच केलं. दुसऱ्या आठवड्यात सर शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘आता बाहेरून बघ. कोण दमलाय ते सांग. कोण चेंडूपासून लपतोय ते सांग.’ चार वर्षं मी त्या मैदानावर खेळत होतो, पण अकराही पोरं एका वेळी मला पहिल्यांदा दिसली ती त्या दिवशी.

संयोजकांनी विषयाबद्दल विचारलं तेव्हा मी चटकन खालिद जमील यांचं नाव घेतलं, त्याचं कारण हेच आहे. खेळाडूचा प्रशिक्षक कधी होतो? बहुतेक वेळा शरीर नाही म्हणतं तेव्हा. मग त्या माणसाला आपण काय देतो, याचा हिशेब मला आज तुमच्यासमोर मांडायचा आहे.

1 ऑगस्ट 2025 रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं खालिद यांना पुरुषांच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमलं. अर्ज आले होते 170. शेवटच्या तिघांत त्यांच्यासोबत स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्तेफान तार्कोविच ही नावं होती. कॉन्स्टंटाइन यांनी भारतीय संघ याआधी दोनदा सांभाळलेला आणि तार्कोविच स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक. त्या दोघांना मागं टाकून निवड झाली ती मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या माणसाची. भारतीय माणूस या खुर्चीवर बसत होता तो तेरा वर्षांनी.

त्याआधी बसले होते गोव्याचे सावियो मेदेरा. त्यांची आठवण आज फारशी कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. साळगावकरचा मध्यरक्षक, देशासाठी खेळलेला. 2011 साली काही महिन्यांच्या बोलीवर संघ त्यांच्या हाती आला. डिसेंबरात दिल्लीत सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला 4-0 हरवून त्यांनी चषक आणला. मार्च 2012 मध्ये काठमांडूला एएफसी चॅलेंज कपमध्ये तिन्ही सामने गेले, आठ गोल खाल्ले, एकही झाला नाही. मेदेरांचं पर्व तिथंच संपलं. त्यानंतर नेदरलँड्सचे कोव्हरमान्स आले, पुन्हा कॉन्स्टंटाइन आले, क्रोएशियाचे स्टिमाच, स्पेनचे मार्केझ. एकही देशी नाव नाही.

मी परदेशी प्रशिक्षकांच्या विरोधात बोलतोय असा समज करून घेऊ नका. बॉब हॉटन नसते तर 2011 चा आशिया चषक आपण पाहिला नसता. 1984 नंतर प्रथमच आपण तिथं पोचलो ते त्यांच्या काळात. माझी तक्रार एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द म्हणजे ‘हंगामी’. परदेशी माणूस येतो तो करार घेऊन, स्वतःचे सहायक घेऊन, तीन-चार वर्षांची मुदत घेऊन. आपला माणूस येतो तो परदेशी माणूस सापडेपर्यंत. पहिल्याला चुका करायला वेळ मिळतो, दुसऱ्याला चूक झाली की खुर्ची सोडावी लागते. नेहमीच असं नव्हतं. सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे 1950 पासून दशकाहून अधिक काळ संघ होता, म्हणून 1956 ला मेलबर्नमध्ये चौथा क्रमांक आला आणि 1962 ला जकार्तात सुवर्णपदक. त्या जकार्ताच्या अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध गोल करणारे पी. के. बॅनर्जी पुढं स्वतः भारताचे प्रशिक्षक झाले. 1970 च्या आशियाई कांस्यपदक विजेत्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन हेही झाले. खेळाडूतून प्रशिक्षक घडवण्याची वाट आपल्याकडे होती. ती आपण वापरायची सोडून दिली आणि मग तिच्यावर गवत उगवलं.

आता खालिद. जन्म कुवेतचा, 21 एप्रिल 1977. फुटबॉल मात्र मुंबईचं. 1997 ला महिंद्रा युनायटेड, मग एअर इंडिया, 2002 ला पुन्हा महिंद्रा. मध्यरक्षक. भारताची जर्सी याच वर्षांत अंगावर आली. कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांकडून बोलावणं आलं होतं, पण त्यांचे प्रायोजक मद्य कंपन्या होत्या म्हणून त्यांनी नकार दिला, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून अनेकदा आली आहे. त्या काळात कोलकात्याला नाही म्हणणं म्हणजे पैशाला आणि नावाला, दोन्हींना नाही म्हणणं. माणूस पुढं कसा वागणार याची खूण मला तिथं दिसते.

मग दुखापती सुरू झाल्या. महिंद्रानं 2005-06 चा राष्ट्रीय लीगचा किताब जिंकला, तेव्हा खालिद खेळण्यापेक्षा दुखणं सांभाळण्यातच जास्त गुंतलेले. त्या संघाचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा, गोव्याचे, भारताचे माजी बचावपटू. म्हणजे जखमी खालिद यांच्यासमोर, कडेच्या रेषेवर, खेळाडूतून प्रशिक्षक झालेला एक माणूस रोज उभा होता. त्यांनी त्यातून काय घेतलं हे त्यांनाच ठाऊक. पण बाकावर बसलेला खेळाडू काय बघतो, हे मी माझ्या फक्कीच्या घमेल्यावरून सांगू शकतो.

2007 ला मुंबई एफसी हा नवा क्लब निघाला, खालिद तिथं खेळाडू म्हणून गेले. शरीरानं साथ दिली नाही. 2009 ला, बत्तिसाव्या वर्षी, त्याच क्लबचे ते प्रशिक्षक झाले आणि 2016 पर्यंत राहिले. मित्रहो, ही सात वर्षं नीट समजून घ्या, कारण त्यांचे सामने कुणी फार पाहिलेले नाहीत. पैसा कमी. कूपरेजचं मैदान दुरुस्तीत अडकलं की घरचे सामने पुण्याला बालेवाडीत. नाव मुंबईचं, प्रेक्षक पुण्यातले, तेही मूठभर. बरा खेळणारा मुलगा हंगाम संपला की दुसरीकडं जाणार, हे ठरलेलं. दर हंगामात एकच लक्ष्य, खालच्या श्रेणीत घसरायचं नाही. आणि या सात वर्षांत मुंबई एफसी एकदाही घसरली नाही.

ज्यांना चषक मोजायची सवय आहे त्यांना यात काही दिसणार नाही. मला मात्र खालिद यांचं सगळं शिक्षण इथंच झालेलं दिसतं. समोरचा संघ आपल्यापेक्षा चांगला आहे हे मान्य करून सामन्याला उतरायचं, हे सोपं नाही. चेंडू त्यांच्याकडे राहणार. मग आपली चार आणि चार माणसं किती अंतरावर उभी राहतील? त्यांचा कोणता खेळाडू डाव्या पायानं मारू शकत नाही? आपल्याला कॉर्नर किती मिळतील, तीन? मग त्या तीन कॉर्नरचा सराव आठवडाभर करायचा. त्यांच्या खेळाला लोक कंटाळवाणा म्हणाले, लांब चेंडू मारणारा म्हणाले, बचावात्मक म्हणाले. मला हे आरोप पटत नाहीत. ज्याच्या घरात दोन पोळ्या आहेत त्यानं पंगत उठवली नाही म्हणून त्याला कंजूष म्हणू नये.

2016 ला मुंबई एफसीनं त्यांना सोडलं. पुढच्याच हंगामात ती खालच्या श्रेणीत गेली आणि काही काळानं क्लबच बंद पडला. आणि त्याच 2016-17 च्या हंगामात खालिद यांनी जे केलं, त्याला भारतीय फुटबॉलमध्ये दुसरी जोड नाही.

ऐझॉल एफसी. मिझोरामचा क्लब. आदल्या वर्षी आय-लीगमधून खाली फेकला गेलेला. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत बोलावलं. म्हणजे क्लबही हंगामी आणि प्रशिक्षकही कुणी ठेवून न घेतलेला. खालिद मुंबईहून काही माणसं घेऊन गेले. जयेश राणे हा आपला मुंबईकर, आशुतोष मेहता. सीरियाचा अल अमना, लायबेरियाचा अल्फ्रेड जार्यान. बाकी सगळी मिझो पोरं, पळण्यात कुणाला ऐकणार नाहीत अशी. 22 एप्रिल 2017 ला ऐझॉलमध्ये मोहन बागान समोर होतं, बरोबरीच्या गुणांवर. झोमिंगलियाना राल्ते या बचावपटूनं कॉर्नरवरून हेडर मारला, 1-0. मुंबई एफसीच्या सात वर्षांचा तो कॉर्नर होता, असं मला वाटतं.

शेवटचा सामना 30 एप्रिलला शिलाँगमध्ये, लाजोंगविरुद्ध. ऐझॉलला बरोबरी पुरेशी होती. नवव्या मिनिटाला लाजोंगच्या दिपांदा डिकानं गोल केला. तिकडं कोलकात्यात मोहन बागान खेळत होतं, म्हणजे कान एकीकडे आणि डोळे दुसरीकडे. मी हा सामना नागपुरात टीव्हीवर पाहिला. पूर्वार्ध संपला, ऐझॉल मागं. अशा वेळी संघ पिसाटतो, सगळे पुढं धावतात आणि दुसरा गोल बसतो. ऐझॉल पिसाटली नाही. रांगा जागच्या जागी, पण दहा पावलं पुढं सरकलेल्या. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम ललनुनफेलाचा गोल झाला. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं मी पुन्हा कधी बघू शकलेलो नाही, इतका जीव टांगणीला लागला होता. 18 सामने, 11 विजय, 4 बरोबरी, 37 गुण. मोहन बागान 36. ईशान्येचा पहिला राष्ट्रीय विजेता.

एवढं झाल्यावर माणसाला वर्षानुवर्षांचा करार मिळायला हवा. पण पुढं मिळालं ते ईस्ट बंगाल एक हंगाम, मोहन बागान अर्धा हंगाम. मग नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक. इंडियन सुपर लीगमध्ये परदेशी प्रशिक्षकांची चलती होती; भारतीय माणूस त्यांच्या शेजारी उभा राहून शंकू मांडायचा. जानेवारी 2021 ला तिथल्या जेरार्ड नूस यांना काढलं आणि खालिद यांना हंगामी नेमलं. गुणतक्त्यात संघ मध्यावर लटकलेला. त्यांनी तिथून साखळीतला एकही सामना न हरता उपांत्य फेरी गाठली. त्या लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकानं संघ बाद फेरीत नेण्याची ती पहिली वेळ. त्यानंतर कुठं त्यांना कायम केलं, आणि ते त्या लीगमधले पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक ठरले. पुढचा हंगाम वाईट गेला, दहावा क्रमांक आला. हेही सांगितलं पाहिजे. आपल्या माणसाची बाजू घ्यायची म्हणून त्याचे पराभव लपवायचे नसतात.

जमशेदपूरला ते 2024 च्या तोंडावर, पुन्हा हंगामाच्या मध्यात, पुन्हा कुणाच्या तरी जागी गेले. 2024-25 मध्ये पाचवा क्रमांक, उपांत्य फेरीत पहिल्या सामन्यात मोहन बागानवर 2-1 विजय, परतीला 0-2. मे 2025 मध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाकडून 0-3 हार. चषक हुकला, पण वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक हा महासंघाचा पुरस्कार त्यांना लागोपाठ दोनदा मिळाला. जवळ एएफसीचं प्रो लायसन्स होतं. आता नाकारायला कारण उरलं नव्हतं.

ज्या घरात ते शिरले त्या घराची अवस्था बघा. सुपर लीगचा पुढचा हंगाम जुलै 2025 पासून अधांतरी टांगलेला. खेळाडूंच्या पायाला सामन्यांचा सराव नाही. काही क्लब खेळाडू सोडायला तयार नाहीत. महिन्याभरात ताजिकिस्तानात हिसोरला काफा नेशन्स कप. 29 ऑगस्टला यजमान ताजिकिस्तानविरुद्ध अन्वर अली आणि संदेश झिंगन, दोघंही बचावपटू, यांचे गोल पहिल्या तेरा मिनिटांत. 2-1. गुरप्रीतनं पेनल्टी अडवली. इराणकडून 0-3. अफगाणिस्तानशी गोलशून्य. आणि 8 सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी ओमान. जागतिक क्रमवारीत ओमान 79 वं, आपण 133 वे. उत्तरार्धात मागं पडलो, ऐंशीव्या मिनिटाला उदांतानं बरोबरी केली, पेनल्टीवर 3-2 जिंकलो. ओमानवरचा आपला पहिला विजय.

आणि मग ऑक्टोबर. आशिया चषकाच्या पात्रतेत सिंगापूरशी दोन सामने. तिकडं दहा जणांनिशी खेळून नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीनं 1-1 केलं. 14 ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डावर छांगतेनं लांबून सणसणीत गोल केला, पहिल्या पंधरा मिनिटांतच. आमच्या घरी सात-आठ पोट्टे जमले होते, सगळे उभे राहिले. पूर्वार्धाच्या अगदी शेवटी सोंग उइ-यंगनं बरोबरी केली. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानंच दुसरा मारला. 1-2. 2027 च्या आशिया चषकाचं दार बंद. पोट्टे काही न बोलता चपला घालून निघून गेले. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून 0-1, बावीस वर्षांनी त्यांच्याकडून हरलो.

यानंतर जे बोललं गेलं त्यातलं एक वाक्य मला फार लागलं. देशी माणूस नेमून पाहिला, झालं ना? असा त्याचा सूर होता. खालिद यांच्या चुका झाल्या असतील. फातोर्डावर आघाडी घेतल्यानंतर मधली फळी सैल पडली, हे मी दहा वेळा पाहिलं. पण परदेशी प्रशिक्षक हरला तर आपण त्याला एकट्याला हरलेला मानतो. त्याच्या देशातले सगळे प्रशिक्षक हरले असं कुणी म्हणत नाही. आपला माणूस हरला की मागची सगळी रांगच हरते. डेरिक परेरा, मेदेरा, उद्याचा एखादा कामठीचा मुलगा, सगळे. हा अन्याय आहे आणि तो मी मोठ्यानं सांगायला आलो आहे.

राष्ट्रीय प्रशिक्षकाचं काम क्लबच्या कामासारखं नसतं, हेही लक्षात घ्या. क्लबमध्ये मुलगा रोज सकाळी समोर असतो. त्याचं घर, त्याचा गुडघा, त्याचं दुखणं सगळं कळतं. राष्ट्रीय संघात वर्षातले मोजके दिवस मिळतात. दहा दिवसांच्या शिबिरात तुम्ही कुणाला पास द्यायला शिकवू शकत नाही. तेव्हा खालिद यांच्या हाती येतो तो माल वर्षभर दुसऱ्यांनी घडवलेला असतो. ते दुसरे कोण? ते तुमच्या-माझ्या गल्लीतले आहेत.

एक नाव मध्येच घेतो, कारण या हिशेबात ते नेहमी गळतं. मेमॉल रॉकी. गोव्याच्या, भारतासाठी खेळलेल्या. 2017 ते 2021 महिला संघ त्यांच्याकडे होता. त्यांच्या काळात संघ ऑलिंपिक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत पहिल्यांदा पोचला आणि मार्च 2019 ला बिराटनगरमध्ये नेपाळला त्यांच्याच घरी 3-1 हरवून सॅफ जिंकला. या व्याख्यानासाठी मी पाच-सहा जाणत्या मित्रांशी बोललो. एकालाही त्यांचं नाव आठवलं नाही.

आपल्याकडे येतो. कामठी हे छावणीचं गाव आणि फुटबॉलचंही. रब्बानी क्लबचं नाव ऐकलं नाही असा आमच्या पिढीत कुणी नसेल. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे सरांनी 2001 मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. त्यावर नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ काढला तेव्हा सगळ्या देशानं नागपूरकडे पाहिलं. मैदानात पोरं आणणारी माणसं आपल्याकडे आहेत. कमी आहे ती पुढच्या पायरीची. डी, सी, बी, ए आणि प्रो, अशी ही लायसन्सची शिडी. प्रत्येक पायरीला फी, प्रवास आणि आठवडे-आठवडे बुडणारा रोजगार. चांगला खेळणारा मुलगा पंचविशीत गुडघा धरून बसतो, नोकरी शोधतो आणि त्याच्याबरोबर त्यानं मैदानात पाहिलेलं सगळं निघून जातं. एका मुलाचं डी लायसन्सचं शिक्षण ही व्याख्यानमाला दरवर्षी करू शकेल काय, हा विचार मी अध्यक्षांच्या कानावर घातला आहे. सभेसमोरही घालतो.

मागच्या रांगेत दोघं बसले आहेत. त्यांची नावं मी सांगणार नाही, ते लाजतील. दोघांनी डीचा अर्ज भरला आहे. काल संध्याकाळी मला गाठलं. एक म्हणाला, ‘सर, इतकं सगळं करून शेवटी हंगामीच ठेवतीन ना आपल्याले?’ मी त्याला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, बहुतेक ठेवतील. मग बालेवाडीतल्या रिकाम्या गॅलऱ्यांसमोरच्या त्या सात वर्षांबद्दल त्याच्याशी तासभर बोललो. तो उठताना एवढंच म्हणाला, त्या तीन कॉर्नरचा सराव कसा घ्यायचा ते दाखवा. उद्या सकाळी साडेपाचला या म्हणून सांगितलं आहे. फक्की आणून ठेवली आहे.